मायलेकींचा कप्पा

प्रिय शिनोबू,

हे पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. फोन केला असता, पण तुझा फोन दिवसभर सुझुनाच्या उशाशी स्पीकरवर पडलेला असतो आणि मी दोन शब्द बोलायच्या आत त्या पोरीला माझ्या आवाजावरून सगळं कळतं. मेसेजही तिच्याच पडद्यावर उमटतात. म्हणून कागद. सकाळी मासे वाळत घालायला तू एकटी मागच्या अंगणात जातेस, तेव्हा वाच. तुझ्या सासूबाई आसपास असतील तर खिशात ठेव. उभ्या उभ्या वाचू नकोस, बसून वाच.

इथे क्योतोत थंडी कोरडी आहे, तुमच्या मियाझूसारखा बर्फ नाही. गुरुवारची तयारी झाली असेल. सुझुनाच्या गळ्याला छेद देऊन श्वासाचं मशीन जोडायचं, तर घरात काय काय हलवावं लागतं ते मागच्या वेळी तू मला सविस्तर सांगितलंस. पलंग कुठल्या भिंतीला, कफ ओढायला कुणी कधी उठायचं, वादळात वीज गेली तर बॅटरी कुठली. यासुहिको जनरेटर बघून आला आणि जेवताना स्वतःहून त्याबद्दल बोलला, हेही सांगितलंस. तुझा नवरा स्वतःहून बोलला ही तुमच्या घरात बातमीच. तू सगळं असं सांगत होतीस जणू पोरीची शाळेची सहल निघाली आहे. तुझा असा आवाज मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

शाळेत असताना तुझ्या दप्तराला माशाचा वास यायचा आणि मुली नाक दाबायच्या. तू त्यांना म्हणायचीस, दाबा, घरी जाऊन आमचाच बांगडा खाणार आहात. मला ते कधी जमलं नाही. मी विज्ञानाचं पुस्तक उघडून त्यात तोंड घालायची. मी क्योतोला शिकायला निघाले तेव्हा तू स्टेशनवर आली होतीस, हातात वर्तमानपत्रात बांधलेले सुके मासे. म्हणालीस, खूप शीक, आणि जमलं तर यांना परत जिवंत करून दाखव. गाडी सुटेपर्यंत तू हसत होतीस. मग मी पेशींच्या मागे लागले. लग्न राहिलं, त्याचं वाईट वाटायला सवड मिळाली नाही.

सुझुना लहान असताना मी आले की ती धावत धक्क्यापर्यंत यायची. मग शाळेच्या क्रीडादिनाला ती पडली. तू म्हणालीस, बूट मोठे होते. पुढच्या वर्षी परत पडली आणि तू बुटांबद्दल काही बोलली नाहीस. इस्पितळातून निदान आलं त्या आठवड्यात सासूबाईंनी जेवताना भाताच्या वाटीकडे बघत म्हटलं, आमच्या घराण्यात असलं रक्त नाही. तू मान खाली घालून लोणच्याची बशी पुढे सरकवलीस. मला रागही आला आणि उत्तरही माहीत होतं, म्हणून मी तिथेच सगळ्यांना सांगितलं, की या रोगाचं जनुक दोन्हीकडून यावं लागतं. बिघडलेली एक प्रत आईची, एक बापाची. एकाच बाजूची असती तर पोर धडधाकट राहिली असती, जशी तू आहेस, जसा यासुहिको आहे. सासूबाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. म्हणजे आमच्यातही आहे म्हणतेस, असं विचारलं. मी हो म्हटलं. त्या उठून गेल्या. नंतर तू कळवलंस की त्या काही दिवस कुणाशीच बोलल्या नाहीत आणि मग रोज सकाळी सुझुनासाठी स्वतः अंड्याच्या पोळीची गुंडाळी करून आणायला लागल्या. तिखट जिभेची बाई, पण त्या गुंडाळीला कधी मीठ कमी पडलं नाही.

तेव्हा मी तुला दिलासा म्हणून सांगितलं होतं, की आता आम्हाला रोग पेशीच्या आत दिसतो. ते खरं होतं. प्रत्येकाच्या शरीरात एक प्रथिन घडी घालून नीट बसवलं जातं. सुझुनाच्या पेशीत त्याची घडी बसत नाही. न बसलेलं प्रथिन साचतं, त्याच्या गुठळ्या होतात, आणि चेतापेशीचे लांब धागे टोकाकडून वाळत येतात. आधी पायाचे, मग हाताचे, मग जिभेचे, मग श्वासाचे. शंभर वर्षांपूर्वीचा डॉक्टर एवढंच म्हणाला असता, की मुलगी अशक्त होत चालली आहे. मी तुला नेमकी कुठली घडी चुकते ते दाखवू शकते, रंगीत चित्रासकट. माझ्या सगळ्या आयुष्याची कमाई ती आहे, की जे थांबवता येत नाही ते आता फार स्पष्ट दिसतं.

तुम्ही दोघी रक्त द्यायला प्रयोगशाळेत आलात तो दिवस तुला आठवत असेल. सुझुना तेव्हा चाकांच्या खुर्चीत होती, पण बोलत होती, आणि तिचं बोलणं आवरत नव्हतं. रक्तातल्या पेशींना उलट्या वाटेने मागे नेऊन गर्भातल्यासारखं करायचं आणि मग त्यांच्या चेतापेशी वाढवायच्या, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे मावशी, तू मला परत बाळ करणार आणि परत वाढवणार, निदान या वेळी गणित तरी बरं येऊ दे. तुझं रक्त तुलनेसाठी हवं होतं. त्याच घरातली, तशाच जनुकांची, पण निरोगी बाई. तू बाही वर करून म्हणालीस, माझं काय हवं ते काढा, सगळं काढा आणि तिला घाला. नर्स हसली. मी हसले नाही, कारण तू गंमत करत नव्हतीस.

मग कुवाबाराबाईंनी तुम्हाला इन्क्युबेटर दाखवला, शरीराइतकं ऊबदार ठेवलेलं आमचं कपाट. कुवाबाराबाई आमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या. रोज पेशींना खाऊपिऊ घालायचं काम त्यांचं, अगदी नववर्षाच्या दिवशीसुद्धा, कारण पेशींना सण कळत नाही. त्या दिवशी त्या देवळात न जाता आधी प्रयोगशाळेत येतात आणि कपाटाला वाकून नमस्कार करतात. सुझुनाने विचारलं, मी कुठे राहणार आणि आई कुठे. बाईंनी वरचा कप्पा आणि खालचा कप्पा दाखवला. सुझुना म्हणाली, मला आईच्या शेजारीच ठेवा ना, ती घोरते, पण मला सवय आहे. आपण सगळे हसलो. त्याच संध्याकाळी बाईंनी तुमच्या काचेच्या बशा एका कप्प्यात शेजारी शेजारी ठेवल्या. नियम वेगळा आहे. दोन माणसांच्या पेशी वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या, वेगळ्या वेळी हाताळायच्या, प्रत्येकीच्या पोषक द्रवाची बाटली वेगळी. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख हिराओका सर, त्यांनी पाहिलं आणि चालू दिलं. मीही पाहिलं. मला बरं वाटलं. हळूहळू आम्ही सगळेच त्याला मायलेकींचा कप्पा म्हणायला लागलो. बाटलीही एकच झाली. बाई म्हणायच्या, एका घरची माणसं, वेगळी चूल कशाला.

सुझुनाच्या पेशी हळू वाढत. आजारी पेशींचं तसंच असतं. तुझ्या भराभर वाढायच्या. बाई म्हणायच्या, आई दणकट आहे, लेक जरा नाजूक, खाईल हळूहळू. एखाद्या बशीत मुलीच्या पेशी बऱ्या वाढल्या की त्या खूश व्हायच्या आणि मला बोलावून दाखवायच्या. मग आम्ही औषधं घालून बघायला सुरुवात केली. एकामागून एक, बहुतेक निरुपयोगी. आणि मागच्या वसंतात एका औषधाने गुठळ्या कमी झाल्या. परत केलं, आणखी कमी झाल्या. पुढच्या खेपेला जवळजवळ नाहीत. पेशींचे धागे लांबसडक, टोकापर्यंत जिवंत. बाईंनी घरून लाल भात करून आणला, आपल्याकडे मुलीच्या शुभकार्याला करतात तसा. हिराओका सर कधी कुणाचं कौतुक करत नाहीत. ते मायक्रोस्कोपवरून उठले आणि म्हणाले, चिगुसाबाई, तुमच्या मैत्रिणीला फोन करा.

मी फोन केला. स्पीकरवर. सुझुनाचा आवाज तोवर गेला होता. तू अक्षरांची पारदर्शक पाटी तुमच्या दोघींच्या मध्ये धरलीस, तिच्या डोळ्यांमागोमाग एकेक अक्षर मोठ्याने म्हणत गेलीस, आणि मी इथे कान देऊन ते जोडत बसले. ती म्हणाली, चला, माझं काहीतरी माझ्याशिवाय तरी बरं चाललंय. मग यासुहिकोचा खोकल्यासारखा आवाज आला आणि दार सरकल्याचा. तू म्हणालीस, बाहेर गेला, बंदराकडे बघत उभा आहे.

त्याआधी ती मशीनला नाही म्हणत होती, हे आपल्याला दोघींनाही माहीत आहे. तिचं ते नाही म्हणणं मला अजून पाठ आहे. डॉक्टरांनी तिला नीट समजावलं होतं, की मशीन जोडलं तर खूप वर्षं जगशील, पण पुढे पापण्याही हलणार नाहीत अशी वेळ येऊ शकते, आणि आपल्याकडे एकदा जोडलेलं मशीन कुणी डॉक्टर काढत नाही, तू कितीही विनवलंस तरी. डोळे थांबले तर तुला विनवताही येणार नाही. तिने पाटीवर विचारलं होतं, मग आत मी जागी असेन का. डॉक्टर म्हणाले, बहुधा हो. ती म्हणाली, नको, त्यापेक्षा मी वेळेवर निघते, जाताना हात हलवता आला नाही तरी चालेल. तू मला त्या दिवशी फोन करून फक्त रडलीस. मी तिच्या बाजूने होते. तुला सांगितलं नव्हतं.

औषधाच्या बातमीनंतर ती हो म्हणाली. माणसांवर वापरायला अजून वेळ लागेल, तोवर श्वास टिकायला हवा, तर मशीन चालेल. तिचे शब्द तूच मला कळवलेस. औषध येईपर्यंत थांबते, मावशीला म्हणावं जरा घाई कर, छत फार कंटाळवाणं आहे. मी ते वाक्य कागदावर लिहून टेबलाला चिकटवलं होतं. आता काढून टाकलं आहे.

औषध बनवणारी कंपनी पुढे जायच्या आधी एक चाचणी मागते. तुम्ही ज्या पेशींवर काम केलं त्या खरंच त्याच माणसाच्या आहेत, याचा पुरावा. रीत म्हणून मागतात. आम्हीही रीत म्हणून करून घेतली. निकाल आला तेव्हा आधी आम्हाला वाटलं की नमुने पाठवताना अदलाबदल झाली. परत पाठवले. सुझुनाच्या नावाच्या बशीत सुझुना नव्हती. तुझ्या पेशी होत्या, शिनोबू. एखादी पेशी त्या एकाच बाटलीतून, नळीच्या टोकाला लागून तिकडे गेली असणार. कधी, कुणाच्या हातून, ते आता कळणार नाही. बाईंचा हात असेल, माझा असेल. एकच पुरते. ती वाढली, दुप्पट झाली, परत दुप्पट झाली, आणि सुझुनाच्या हळू वाढणाऱ्या पेशींना जागाच उरली नाही. दर खेपेला औषध जास्त गुणकारी वाटत होतं, कारण दर खेपेला बशीत तू जास्त होतीस आणि ती कमी. पेशी आधीच थोड्या, म्हणून औषध न देता ठेवायच्या बशा आम्ही दर वेळी लावल्या नव्हत्या. जुन्या चित्रांशी ताडून बघत होतो. लावल्या असत्या तर औषधाशिवायही ती बरी होताना दिसली असती आणि आम्हाला तेव्हाच शंका आली असती. ज्या बऱ्या झालेल्या पेशींसमोर आम्ही लाल भात खाल्ला, त्या कधी आजारीच नव्हत्या.

तळघरातल्या गोठणपेटीत अगदी सुरुवातीची एक नळी होती, त्या कप्प्याच्या आधीची. त्यात खरोखर सुझुना होती, तपासून घेतलं. मी कुणाला न सांगता ती वितळवली, वाढवली, चेतापेशी केल्या आणि औषध घातलं. त्या बशा मी वरच्या कप्प्यात एकट्याच ठेवल्या आणि रोज माझ्या हाताने खाऊ घातलं. त्यात आठवडे गेले, आणि औषध तिच्यावरही चालेल या आशेवर मी तोवर तुला कळवलं नाही. गुठळ्या आल्या. औषध न घातलेल्या बशीत आल्या तशाच आणि तेवढ्याच. टोकाकडून धागे वाळायला लागले. मी रोज बघत होते. तुझ्या मुलीला चालता येईनासं झालं ते मी दुरून पाहिलं होतं, फोनवरून ऐकलं होतं. या वेळी तेच सगळं मी भिंगाखाली जवळून पाहिलं, आणि माझ्याकडे दुसरं कुठलं औषध नाही. तपासायच्या यादीतही पुढे काही नाही. हे मी तुला धीर देण्यासाठी फिरवून सांगणार नाही.

हिराओका सरांनी दार लावून मला समोर बसवलं. म्हणाले, महिनाअखेरीला आपण जाहीर करू, माफी मागू, तोवर बाहेर एक शब्द नको, विद्यापीठाचं तसं म्हणणं आहे. मी म्हटलं, सर, गुरुवारी तिची शस्त्रक्रिया आहे. मग म्हणाले, पण मशीनने ती जगेल ना, मग वाईट काय. तसं म्हटलं तर त्यात चूक काही नाही. ते वाईट माणूस नाहीत, कित्येक रात्री झोपलेले नाहीत हे चेहऱ्यावर दिसत होतं. कुवाबाराबाईंना कळलं तेव्हा त्यांनी अंगावरचा पांढरा कोट काढला, घडी केला, टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, मला मियाझूला न्या, मला त्या मुलीसमोर जमिनीला डोकं टेकवू द्या. मी त्यांना आणणार नाही. सुझुनाला तो कप्पा कसा झाला ते कळता कामा नये. ती तेव्हा जे म्हणाली ते गमतीने म्हणाली होती आणि तिला ते नक्की आठवत असेल. बाटलीचं सांगेन, घाईचं सांगेन, चूक आमची म्हणून सांगेन, आणि ते सगळं खरंच आहे. कप्प्याचं सांगणार नाही. तूही सांगू नकोस, कितीही विचारलं तरी.

आता तू विचारशील की मग आत्ता कळवलंस तरी कशाला, शस्त्रक्रिया झाल्यावर शुक्रवारी कळवायचं होतंस. मी रविवारी येते आहे. फुकुचियामाला गाडी बदलून दुपारपर्यंत पोहोचेन आणि सुझुनाला मी स्वतः सांगणार आहे, की औषध नाही. तिचं हो त्या औषधावर उभं आहे, आणि गुरुवारी सकाळपर्यंत ते तिला बदलता येतं, त्यानंतर कधीच नाही. ती तरीही हो म्हणेल कदाचित. कदाचित नाही म्हणेल, आणि मग या हिवाळ्यातच तुझ्या घरातला पलंग रिकामा होईल, आणि तो माझ्या बोलण्याने झाला हे तू मरेपर्यंत विसरणार नाहीस. विसरू नकोस. हे पत्र वाचून तू ते गुरुवार उलटेपर्यंत लपवशील आणि मला फोन करून म्हणशील की येऊ नकोस. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं, म्हणूनच विचारायला न लिहिता कळवायला लिहिते आहे. आणखी एका गोष्टीसाठी लिहिते आहे. ती मला पाटीवरून उत्तर देईल तेव्हा पाटी तुलाच धरावी लागेल, तिचे डोळे मला वाचता येत नाहीत. पाटी धरली की तुम्ही दोघी एकमेकींच्या डोळ्यांत बघणार. त्या वेळी तुला हे पहिल्यांदा कळत असेल तर ती तुझा चेहरा बघेल आणि स्वतःला हवं ते न म्हणता तुला हवं ते म्हणेल. म्हणून आजपासून रविवारपर्यंतचे दिवस तुला देते आहे. रडायचं ते अंगणात रडून घे, मला शिव्या द्यायच्या त्या देऊन घे. आणि मग तिच्या समोर बस आणि ती जे अक्षर बघेल तेच म्हण.

तुझीच,
चिगुसा